एका गुंडीची कैफियत

वकिलीच्या व्यवसायात पंचवीस वर्षे काढलेल्या मनुष्याने पुष्कळ गोष्टी शाबीत केलेल्या असतात, काही खऱ्या आणि काही पुराव्याच्या कायद्यापुरत्या खऱ्या. परंतु आपण शेजारच्या वकिलाहून निराळे कोणी आहोत ही एक गोष्ट मात्र त्याला जन्मभर शाबीत करता येत नाही. सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातील कडुनिंबाखाली उभे राहून कोणीही पाहावे: एस.टी. स्थानकाकडून, टांग्यांच्या जुन्या अड्ड्याकडून आणि समोरच्या चहाच्या टपरीकडून असे तिन्ही दिशांनी काळे कोट चालत येत असतात, आणि त्या प्रत्येक कोटाच्या वर एक डोके व खाली एक करडी विजार यांपलीकडे ओळख पटविण्याजोगी एकही खूण नसते. या देखाव्याला कावळ्यांची उपमा देण्याचा मोह आमच्या अशिलांना, आणि विशेषतः दावा हरलेल्या अशिलांना, फार पूर्वीपासून होत आलेला असल्यामुळे मी ती देत नाही. शिवाय कावळ्याला त्याचा रंग हवामानाचा विचार करून कोणी नेमून दिलेला नाही.

हवामानाचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. वकिलांनी कोणता वेष करावा हे ठरविण्याचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमातील कलम ४९ ने दिलेला असून, तो देताना 'हवामानाची परिस्थिती लक्षात घेऊन' अशी एक दयाळू अट कायदेमंडळाने त्यात घातलेली आहे. हे शब्द मी प्रथम वाचले तेव्हा माझे डोळे पाणावले. आमचे गाव वऱ्हाडातले. एप्रिल संपता संपता येथे पारा ४५ अंशांकडे डोकावू लागतो आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून खोटे बोलणेदेखील कष्टाचे होऊन बसते. असे हे हवामान लक्षात घेऊन नियम करणारांनी ठरविले काय, तर काळा कोट. तो बंद गळ्याचा असावा, किंवा उघड्या गळ्याचा असल्यास आत पांढरा सदरा व पांढरी कॉलर असावी (ती ताठ असो वा मऊ, एवढे स्वातंत्र्य नियमानेच बहाल केलेले आहे), गळ्याशी पांढरे बँड असावेत, आणि या सर्वांवर गाऊन. कोटाऐवजी चपकन, अचकन किंवा काळी शेरवानीही चालते, म्हणजे लखनौच्या एखाद्या नवाबाने सनद घेतल्यास त्याची गैरसोय होऊ नये इतकी दूरदृष्टी येथे दाखविलेली आहे; खाली लांब विजार अथवा धोतर चालते, जीन मात्र चालत नाही. जिल्हा न्यायालयात गाऊन ऐच्छिक आहे, आणि उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट व हायकोर्टे वगळून इतरत्र कोटाचीही सक्ती पुढे काढून टाकण्यात आली, हे मला मान्य आहे; पण ज्या कोर्टात बिनकोटाच्या वकिलाला पट्टेवाला 'पक्षकारांनी बाहेर थांबावे' म्हणून हटकतो, तेथे ही सवलत घेण्याची छाती कितीजणांची असणार? २०२० च्या मे महिन्यात, साथीच्या दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढून पडद्यावरील सुनावणीपुरते कोट आणि गाऊन दूर ठेवण्याची मुभा दिली, आणि पांढरा सदरा व बँड एवढ्यावर न्यायदान सुरळीत चालते हे सर्वांनी पाहिले. वऱ्हाडच्या उन्हाला पिढ्यान्‌पिढ्या जे साधले नव्हते ते एका विषाणूने दोन महिन्यांत करून दाखविले.

हा काळा रंग मुळात सुतकाचा, असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात कोणी राजा निवर्तला (की राणी, याविषयी दोन पक्ष आहेत आणि दोहोंपाशी पुरावा बेताचाच आहे), त्यानिमित्त तेथील वकिलांनी काही दिवसांपुरते काळे वस्त्र धारण केले, आणि मग सुतक फिटल्याचा हुकूम काढावयाचा राहून गेला. न्यायालयीन कामकाजाशी ज्याचा थोडाही परिचय आहे त्याला यात काही आश्चर्य वाटणार नाही. तात्पुरता म्हणून दिलेला हुकूम कायमचा कसा होतो हे पाहावयाचे असल्यास आमच्या कोणत्याही दिवाणी कोर्टाच्या दप्तरखान्यात एक चक्कर टाकावी.

तथापि मनुष्यस्वभाव असा आहे की जेथे नियम बोलतो तेथे तो मान लववितो आणि जेथे नियम मौन पाळतो तेथे आपला संसार थाटतो. आमच्या बारमधील मंडळींनी तसेच केले. प्रथम काळ्या रंगाचीच गोष्ट घ्या. कोट काळा असावा असे नियम सांगतो. किती काळा, हे सांगत नाही. नुकती सनद घेतलेल्या मुलाचा कोट अमावास्येसारखा असतो; पाच वर्षांनी त्यावर राखेची छटा येते; दहा वर्षांनी खांदे तांबूस होतात; आणि ज्याने वीस पावसाळे व वीस उन्हाळे अंगावर घेतले त्या कोटाला विहिरीतल्या जुन्या दगडाची हिरवट झाक येते, जी पाहताच शिरस्तेदार खुर्चीतून अर्धवट उठतात. इंग्लंडात बॅरिस्टरच्या विगाला पिवळेपणा जितका अधिक तितका मानही अधिक, असे ऐकतो. आमच्याकडे तो मान कोटाच्या हिरवेपणाला आहे. आमच्या एका महत्त्वाकांक्षी ज्युनिअरने ही गोष्ट हेरून आपला नवा कोट चैत्र-वैशाखभर गच्चीवरील दोरीवर उन्हात टांगला. उद्देश स्तुत्य होता. पण कोट उलटवून टाकण्याची आठवण त्याला राहिली नाही, आणि परिणामी त्याची उजवी बाजू पंधरा वर्षांच्या अनुभवाची तर डावी बाजू परवा सनद घेतलेल्याची झाली. तेव्हापासून तो कोर्टात नेहमी अशा बेताने उभा राहतो की न्यायाधीशांना उजवी बाजू दिसावी आणि ज्याच्याकडून फी यावयाची आहे त्यालाही तीच दिसावी. दोघे दोन दिशांना असले की त्याच्या युक्तिवादात जी चलबिचल दिसते तिचे कारण फार थोड्यांना ठाऊक आहे.

बँडाचे प्रकरण याहूनही मनोरंजक आहे. गळ्याशी लोंबणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या, एवढीच ही वस्तू. पण कोणाच्या पट्ट्या खळ घालून उडदाच्या पापडासारख्या खडखडीत केलेल्या, कोणाच्या वाफ धरलेल्या पोळीसारख्या लुळ्या, कोणाच्या नाडीऐवजी इलॅस्टिकवर बेतलेल्या आणि म्हणून जोरदार वाक्याच्या शेवटी आपोआप हनुवटीकडे झेपावणाऱ्या. बँड किंवा गाऊन न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी मिरवू नये असा दंडक असल्यामुळे ते खिशात ठेवावे लागतात, आणि खिशात सुपारी, तपकीर, तारखांची डायरी व कालच्या अर्जाची नक्कल यांच्या संगतीला राहून त्यांना प्रत्येकाच्या जीवनक्रमाचा वास लागतो. ज्याने ते घरी विसरले तो पुकारा होताच शेजाऱ्याचे ओढून घेतो. असा एक बँड मी स्वतः पाहिला आहे की जो सकाळी वादीतर्फे आणि दुपारी त्याच दाव्यात प्रतिवादीतर्फे, तितक्याच तळमळीने, उभा राहिला. आणि संधी मिळती तर त्याने निकालही बरा दिला असता, कारण दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकलेला त्या इमारतीत तो एकटाच होता.

मी वकिलीला लागलो तेव्हा धोतर नेसणारे एकच ज्येष्ठ वकील आमच्याकडे उरले होते. बंद गळ्याचा कोट, डोक्याला काळी टोपी आणि खाली दुटांगी धोतर. त्या धोतराचा सोगा ते उलटतपासणीच्या आरंभी डाव्या हातात धरीत आणि प्रश्नामागून प्रश्न संथपणे विचारीत जात. हातातून सोगा सुटला की समजावे, साक्षीदार संपला. शेवटी शेवटी असे झाले की गावोगावचे साक्षीदार वकीलसाहेबांच्या तोंडाकडे न पाहता त्यांच्या डाव्या हाताकडेच पाहात बसत आणि सोगा थोडा हलला की पाणी मागत. त्या सोग्याने किती वाटण्यांचे दावे निकालात काढले असतील याची नोंद कोणत्याही रोजनाम्यात सापडणार नाही. आम्हां विजारवाल्यांपाशी त्याच्या तोडीचे काहीच नाही; खिशात हात घालावा, तर कोर्टाला तो उर्मटपणा वाटतो.

वेषावरून कोर्टाशी मतभेद होण्याचा योग ज्यांना आला त्या कायदेपंडितांत पहिले नाव बॅरिस्टर मोहनदास गांधींचेच घ्यावे लागेल. १८९३ साली दरबानच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटने पागोटे उतरविण्यास फर्माविले, तेव्हा ते न उतरविता ते कोर्टातून बाहेर पडले; आणि पुढच्याच वर्षी नाताळच्या सुप्रीम कोर्टात सनद मिळाल्यावर मुख्य न्यायाधीशांनी तेच सांगितले, तेव्हा कोर्टाचा रिवाज म्हणून त्यांनी ते मुकाट्याने उतरविले, आणि स्नेह्यांची नाराजी पत्करली. हेच गृहस्थ विद्यार्थिदशेत लंडनला बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवून आणि एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेऊन, टाय व भांग यांच्यापायी रोज दहा मिनिटे आरशापुढे घालवीत असत, असा कबुलीजबाब त्यांनी आत्मचरित्रात दिलेला आहे, आणि तो कोणाच्या दडपणाखाली दिलेला नसल्यामुळे पुराव्यात घेण्यास हरकत नाही. एवढे सारे करून अखेर जगाच्या ध्यानात राहिली ती पंचा नेसलेली आकृती, जी शाळेतले पोरही चार रेघांत काढून दाखविते. दुसऱ्या टोकाला डॉ. आंबेडकर. अंगावर काय घालावे आणि काय घालू नये हेही ज्या समाजाला इतरांनी शतकानुशतके ठरवून दिलेले होते, त्या समाजातून आलेला हा बॅरिस्टर निर्दोष बेताचा सूट घालून मुंबईच्या हायकोर्टाच्या पायऱ्या चढे, तेव्हा त्या कोटाची इस्त्रीदेखील युक्तिवादाचाच भाग असे. पण ही थोरांची उदाहरणे झाली. आमच्यासारख्यांच्या इस्त्रीने फार तर परीटाचे नाव होते.

स्त्री वकिलांच्या बाबतीत नियमकर्ते अधिकच सावध राहिले. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली आणि स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा आला १९२३ साली. म्हणजे एकतीस वर्षे त्यांना दाराबाहेर तिष्ठत ठेवून मग आत घेतले. आत आलेल्या स्त्रियांसाठी पुढे जो नियम झाला त्यात साडी पांढरी, काळी किंवा कोणत्याही सौम्य रंगाची आणि छाप अथवा नक्षी नसलेली असावी असे म्हटले आहे. यावर आमच्या बाररूममध्ये एका दुपारी जो वाद झाला तो फुल बेंचापुढे होण्याच्या योग्यतेचा होता. साडीला काठ असतो. काठ ही नक्षी समजावयाची की नाही? एका पक्षाचे म्हणणे, काठ विणलेला असतो, काढलेला नसतो, सबब तो साडीचा अवयव होय, अलंकार नव्हे. दुसऱ्या पक्षाने विचारले, मग पैठणीवरच्या मोराचे काय, तोही विणलेलाच असतो. तेव्हा आमच्या बारमधील एक वकीलबाई, ज्या इतका वेळ आपला अर्ज लिहीत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "काठ ही साडीची चतुःसीमा आहे. चतुःसीमा दिल्याशिवाय आम्ही कोणतीही मिळकत नेसत नाही." दिवाणी वकिलांनी हा मुद्दा एकमताने मान्य केला. त्या बाईंच्या राखाडी साडीला त्या दिवशी बोटभर रुंदीचा जांभळा काठ होता, आणि तो आमच्या सर्व कोटांना पुरून उरत होता हे मी शपथेवर सांगतो.

हे सारे पाहून, वयाच्या चाळिशीच्या आसपास, आपलीही काही निराळी तऱ्हा असावी अशी इच्छा माझ्या मनात उद्भवली. नियमांची बारकाईने छाननी करता पायमोज्यांविषयी त्यांत एक अक्षर नाही असे आढळून आल्यामुळे मी मुंबईहून येणाऱ्या मेहुण्याकडून डाळिंबी रंगाचे पायमोजे मागविले. ते घालून मी तीन दिवस कोर्टात वावरलो. परंतु उभा असताना ते विजारीखाली झाकले जात, बसलो असता ते टेबलाखाली जात, आणि न्यायासन तर इतक्या उंचीवर की तेथून वकिलाच्या गुडघ्याखालील भागाची दखल घेण्याची प्रथाच नाही. चौथ्या दिवशी मी मुद्दाम बाजूच्या बाकावर पायावर पाय टाकून बसलो. लघुलेखक लिहिता लिहिता थांबला, किंचित वाकला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "वकीलसाहेब, पायाला फार लागलं का?"

त्यानंतर आजोबांचे साखळीचे घड्याळ काढून पाहिले. उलटतपासणीच्या ऐन रंगात साखळी हळूच ओढावी, झाकण टक्कन उघडावे, क्षणभर त्यात पाहावे आणि मग साक्षीदाराकडे पाहावे, असा तो प्रयोग मी घरी अनेकवार बसविला होता. प्रत्यक्षात झाकण उघडताच साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि अत्यंत सौजन्याने विचारले, "वकीलसाहेबांना घाई दिसते. पुढची तारीख घ्यायची का?" प्रतिवादीच्या वकिलाने हरकत नसल्याचे तत्परतेने सांगितले आणि माझा पुराव्याला आलेला दावा तीन महिने पुढे गेला. वरच्या खिशातल्या चारटोकी रुमालाची कथा याहून थोडक्यात आटोपली: पोटगीच्या दाव्यातील माझ्या अशील बाईंना रडे कोसळले, मी तो त्यांना दिला, आणि पोटगी मंजूर झाली तरी रुमाल परत आला नाही.

मग मी तो नाद सोडून दिला. आपण सर्वांसारखेच, ही जाणीव एकदा पचनी पडली की तिच्यातही एक प्रकारचा आराम असतो. आणि त्या आरामात मी असताना, गेल्या मार्गशीर्षातील एका सकाळी, खांबाआडून मला आमच्या पट्टेवाल्याचा आवाज ऐकू आला. कोणी खेडूत अशील माझे नाव घेऊन माझा पत्ता विचारीत होता आणि पट्टेवाला त्याला सांगत होता, "नावानं काय सापडतंय इथं? सगळे सारखेच. कोटाची खालची गुंडी तपकिरी ती पाहा, तेच तुमचे वकील."

मी हळूच खाली पाहिले. पोटाच्या विस्तारामुळे कोटाची ती खालची सरहद्द मला कित्येक वर्षे दृष्टीस पडलेली नव्हती, आणि घरचा आरसा छातीपर्यंतचा. तरी वाकून, कोट पुढे ओढून पाहता, काळ्या दोन गुंड्यांच्या खाली एक चांगली रुपयाएवढी, बदामी झाक असलेली तपकिरी गुंडी निवांत बसलेली होती. स्मृतीला पुष्कळ ताण दिल्यावर उलगडा झाला. बारा वर्षांपूर्वी एका मनाई हुकमाच्या अर्जाची तातडीची सुनावणी होती. पायऱ्या चढताना गुंडी तुटून गटारात गेली. कोर्टाच्या फाटकासमोर मशीन घेऊन बसणाऱ्या शिंपीदादांकडे मी धावलो, आणि हाताशी काळी गुंडी नसल्यामुळे त्यांनी डब्यातली जी मिळाली ती टाचून दिली. "तात्पुरती लावतो, वकीलसाहेब. संध्याकाळी या, काळी लावून देतो." त्या दिवशीचा मनाई हुकूमही तात्पुरताच मिळाला होता. दोन्ही आजपावेतो कायम आहेत.

चौकशीअंती जे निष्पन्न झाले ते असे की बारमध्ये माझा उल्लेख माझ्या पश्चात 'तपकिरी गुंडी' असाच होतो. नाझरांच्या मते ती मी कोणा गुरूच्या स्मरणार्थ लावलेली आहे. आणि आमच्या त्या उजव्या बाजूने ज्येष्ठ असलेल्या ज्युनिअरने तशी गुंडी दोन दुकानांत शोधूनही पाहिली होती. घरी येऊन मी सौभाग्यवतींना विचारले, "ही गुंडी इतकी वर्षे तुझ्या नजरेस कशी आली नाही?" त्या म्हणाल्या, "आली की. मला वाटलं, तुमची हौस आहे. पायमोज्यांच्या वेळी बोलले, तर आठ दिवस जेवताना गप्प होतात."

लाज वाटली, हे कबूल करतो. दुसऱ्याच दिवशी मी काळी गुंडी लावून घेतली आणि नियमांचे अक्षरशः पालन करणाऱ्या कोटानिशी बाकावर जाऊन बसलो. अकराच्या सुमारास एक म्हातारेबुवा काठी टेकीत आले, बाकावरच्या पाच कोटांकडे त्यांनी खालून वर आळीपाळीने पाहिले, आणि माझ्या शेजारची जागा रिकामी दिसल्यामुळे तेथे बसकण मारली. दीड वाजेपर्यंत ते तेथेच होते. मधल्या सुटीत त्यांनी भाकरीचे फडके सोडले, मला चटणी देऊ केली आणि विचारले, "दादा, ते तपकिरी गुंडीचे वकील आज आले नाहीत जणू? पोराच्या बांधाचा दावा त्यांनाच द्यायचा व्हता."

मी उठलो आणि फाटकाबाहेर गेलो. शिंपीदादा चष्मा कपाळावर सरकवून काज करीत बसले होते. सकाळी काढलेली गुंडी त्यांनी टाकली नव्हती. खडूच्या तुकड्यांबरोबर डबीत ठेवली होती. ती त्यांनी काढली, सदऱ्याला पुसली, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे वर पाहात म्हणाले, "कायमची लावू, वकीलसाहेब, का तात्पुरती?"

"तात्पुरतीच लावा," मी म्हणालो.